सिनायच्या चढावर ठेवलेलं फावडं

या, असे पुढे सरका. मागच्या बाकावर कोणी बसू नका. माझा आवाज आता पूर्वीसारखा लांब पोचत नाही. जेवणं झालीत, पीचची गोड पाईसुद्धा कोणीतरी माझ्या नकळत संपवलीय, तेव्हा आता गोष्टीला हरकत नाही. एका माणसाने भर चढावर, वाफ उतरत असताना, हातातलं फावडं खाली ठेवलं. का ठेवलं आणि पुढे काय झालं, ते सांगतो. मी तिथेच होतो. ऐकीव नाही.

माझी नोकरी नऊ नंबरच्या पॅसेंजरवर. काम ब्रेकमनचं, हुद्दा पोर्टरचा. सांधे बदलायचे, बावटा दाखवायचा, डबे जोडायचे, आणि वर बायांच्या पेट्याही उचलायच्या. गोऱ्या माणसाने हेच केलं तर तो ब्रेकमन, मी केलं तर पोर्टर. असो. इंजिनावर फायरमन होता लेव्हाय ग्रॅनबेरी. आपल्याच चर्चचा, डाव्या हाताला तिसऱ्या बाकावर बसणारा. तेवीस वर्षं त्याने त्या भट्टीला कोळसा घातला होता. काळ्या माणसाला आमच्याकडे फायरमन होता येत असे, ड्रायव्हर नाही. उजव्या बाजूची, ड्रायव्हरची गादी त्याच्यासाठी नव्हतीच. आणि एक्केचाळीस साली डावी बाजूही काढून घ्यायचं ठरलं.

सरळ काढता येत नव्हतं, म्हणून नियम आला. ज्याच्या हातून तीनदा वाफ कमी पडली, तो पॅसेंजरवरून खाली. आणि मग एकेका माणसाच्या टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागच्या कोळशाच्या डब्यात, दगड मिसळलेला कोळसा पडायला लागला. एकेक करून आमचे अकरा फायरमन राख उपसायला यार्डात गेले. पॅसेंजरवर उरला एकटा लेव्हाय, आणि त्याच्या नावावर दोन खुणा झालेल्या होत्या. तिसरी झाली की संपलं.

जुलै महिना. पहिल्या डब्यात, म्हणजे इंजिनाचा धूर सगळ्यात आधी खाणाऱ्या आमच्या, काळ्या माणसांच्या डब्यात, आपल्या चर्चची तीस-चाळीस माणसं बसलेली. वर्षाच्या सभेला निघाली होती. रेव्हरंड टिलरी खिडकीशी. त्यांचं प्रवचन तुमच्यापैकी कोणी ऐकलं असेल तर मला सांगायला नको. आधी नुसतं बोलायचे, हळू, जणू अंगणात गप्पा मारताहेत. मग शब्दाला सूर लागायचा. मग सूर चढायचा, आणि ते मध्येच एकदम थांबायचे, पार थांबायचे, आणि त्या थांबण्यातच माणसं उठून उभी राहायची. त्या उन्हाळ्यात त्यांचं एक प्रवचन गाजत होतं, डोंगर चढणाऱ्या म्हातारीचं. ते विचारायचे, "अजून किती?" आणि आपण सगळे म्हणायचो, "थोडाच राहिला!" घराघरात पोरं जिना चढताना तेच म्हणायची.

डोंगराच्या पायथ्याशी गाडी पाण्याला थांबली. त्या चढाचं कंपनीच्या कागदावरचं नाव वेगळं, आम्ही त्याला बायबलातल्या डोंगरावरून सिनाय म्हणायचो. सात मैल, आणि कुठेही सपाटी नाही. मी खाली उतरून इंजिनाकडे गेलो तर लेव्हाय टेंडरमधल्या ढिगाकडे बघत उभा. काळ्या कोळशात करड्या पाट्याच पाट्या. दगड. जळत नाहीत, नुसत्या वितळतात आणि भट्टीच्या जाळीवर खंगर, म्हणजे दगडासारखा घट्ट थर, धरतो, मग खालून हवा येत नाही.

"आज तुझ्यासाठी खास वाढून ठेवलंय रे," मी म्हणालो.

"दिसतंय. वर चढ, थर्मन."

"मी?"

"मग काय रेव्हरंडना बोलवू? काळं पुढे ढकल, करडं बाहेर फेक. दगड माझ्या फावड्यात आला ना, तर तुझ्या बायकोला सांगेन की तिच्या बिस्किटांवर तू काय बोलतोस."

इंजिनावर त्या दिवशी तिसरा माणूस होता. मिस्टर क्रेनशॉ, तपासनीस. लेव्हायच्याच बैठकीवर पाय पसरून बसलेला, मांडीवर वही. तो म्हणाला, "पोर्टरचं इथे काय काम?"

उजवीकडून ड्रायव्हर मिस्टर रॅटलिफ बोलले. त्यांनी मान वळवली नाही. "इंजिन माझं आहे, क्रेनशॉ. मला कोळसा पुढे हवाय."

आता हे रॅटलिफ कोणी संत नव्हते, गैरसमज नको. नऊ वर्षं लेव्हायबरोबर एका इंजिनावर उभे राहिले, कामाबाहेरची नऊ वाक्यं बोलले नसतील. त्यांच्या बहिणीचा मुलगा मालगाडीवर फायरमन होता आणि लेव्हाय गेला की ती जागा त्यालाच मिळणार, हे सगळ्या लाईनीला माहीत होतं. लेव्हायलाही.

गाडी निघाली. मी ढिगावर गुडघे टेकून वेचायला लागलो. वेचतो कसला, तांदळातले खडे तरी दिसतात! इंजिन हलतंय, डोळ्यांत धूळ, हाताला लागेल ते उचलायचं, वजनावरून ओळखायचं. जड लागलं की बाहेर.

पहिला मैल बरा गेला. वाफेच्या दाबाचा काटा एकशे नव्वदवर. दुसऱ्या मैलाला एकशे पंच्याहत्तर. इंजिनाचा आवाज तुम्ही ऐकला नाहीत, तुमचं सगळं डिझेलच्या जमान्यातलं. चाकाच्या एका फेऱ्याला चार ठोके, आणि वाफ चांगली असली की चारही ठोके कोरडे, खणखणीत. तिसऱ्या मैलाला ते ठोके ओले व्हायला लागले. मी वर बसून काट्याकडे पाहिलं. एकशे साठ.

"टाक ना कोळसा!" क्रेनशॉ ओरडला. "बघतोस काय?"

लेव्हायने भट्टीचं दार उघडलं, वाकून आत बघितलं, आणि फावडं बाजूला ठेवलं. अगदी सावकाश, भिंतीला टेकवून.

क्रेनशॉने वही उघडली. "फायरमनने काम थांबवलं," तो मोठ्याने म्हणत लिहायला लागला. "वेळ, दहा वाजून बारा मिनिटं."

"साहेब, अकराच मिनिटं झालीत," लेव्हाय म्हणाला. "तुमचं घड्याळ पुढे आहे."

नवशिका असता तर त्याने तेच केलं असतं जे क्रेनशॉला हवं होतं. काटा उतरला की माणूस घाबरतो आणि कोळसा ओततो. खाली खंगर, वर ढीग, मध्ये आग गुदमरते, चिमणीतून काळा धूर निघतो आणि बघणाऱ्याला वाटतं, काय मेहनत करतोय! दोन मैलांत गाडी उभी. आमच्या अकरांपैकी सात जण असेच गेले होते.

लेव्हायने टेंडरवरचा लांब आकडा उपसला. दहा फुटी लोखंड. तो त्याने दारातून आत घातला आणि खंगर फोडायला लागला. दार उघडं म्हणजे थंड हवा आत, काटा आणखी खाली. एकशे पन्नास. त्याच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर ती भट्टी. बाहीचा वास यायला लागला, कापड करपल्याचा. आणि ओठ हलत होते.

"भीती वाटतेय त्याला, प्रार्थना करतोय," क्रेनशॉ रॅटलिफना म्हणाला.

मी पुढे सरकलो, तेव्हा ऐकू आलं. आकडा पुढे सारताना तो म्हणत होता, "अजून किती?" आणि मागे ओढताना गप्प. उत्तर देणारं कोणी नव्हतं ना. रेव्हरंड प्रश्न विचारताहेत आणि अख्खं चर्च मुकं बसलंय असं मला वाटलं. मी ढिगावरून ओरडलो, "थोडाच राहिला!"

त्याने वर पाहिलं नाही. पण पुढच्या वेळी जरा मोठ्याने म्हणाला. "अजून किती?"

"थोडाच राहिला!"

"हे काय चाललंय?" क्रेनशॉ.

"मोजतोय, साहेब," मी म्हणालो.

खंगर सुटला. त्याने जाळी हलवली, तुकडे खाली राखेत पडले, आणि भट्टीने श्वास घेतला. मी खरंच सांगतो, तो आवाज ऐकू आला. पण काटा एकशे चाळीसवर होता आणि गाडी माणसाच्या चालीने चालत होती. याच्याखाली दहा-बारा उतरला असता तर थांबलोच होतो. मग लेव्हायने दुसरी गोष्ट केली. बॉयलरमध्ये जाणारं पाणी बंद केलं.

इथे क्रेनशॉसुद्धा उठून उभा राहिला. गार पाणी आत गेलं नाही की वाफ वाचते, हे खरं. पण भट्टीच्या छतावर पाणी असावंच लागतं. चढावर इंजिनाचं नाक वर असतं, पाणी मागे भट्टीकडे जमतं, आणि काचेची नळी दाखवते भरपूर आहे म्हणून. माथा ओलांडला, नाक खाली गेलं की तेच पाणी पुढे पळतं. छत उघडं पडलं तर बॉयलर फुटतो आणि मग कोणाच्या वहीत काय लिहिलंय ते विचारायला कोणी उरत नाही. मागे सात डबे होते. पहिल्या डब्यात माझी बायको होती.

"पाणी सोड!" क्रेनशॉ म्हणाला. "हा हुकूम आहे!"

लेव्हाय रॅटलिफकडे वळला. "मिस्टर रॅटलिफ, मैलाचा सहावा दगड दिसला की मी पाणी सोडणार. त्याआधी सोडलं तर आपण इथेच उभे राहू. त्यानंतर सोडलं तर तुम्ही मला ढकलून द्या खाली."

रॅटलिफनी काचेकडे पाहिलं. मग समोर रुळांकडे. त्यांच्याही बाजूला पाणी सोडायची एक मूठ होती, हात लांब केला असता तर पोचत होती. त्यांनी हात लांब केला नाही. वाफेचा दांडा मात्र एक खाच मागे घेतला, म्हणजे इंजिन थोडी कमी वाफ खाईल.

आता लेव्हायने फावडं उचललं. छोटे घास. एक मागच्या कोपऱ्यात, दार बंद. एक दुसऱ्या कोपऱ्यात, दार बंद. दोन घासांच्या मध्ये थांबायचा, आग पांढरी होईपर्यंत थांबायचा. घामाने त्याचे बूट पचपचत होते, तरी घाई नाही. "अजून किती?" "थोडाच राहिला!" माझी नखं गेली होती, ते नंतर कळलं. त्याला मी देत होतो तो सगळा काळा कोळसा होता, एवढं मला ठाऊक.

एकशे चाळीसवर काटा अडकून बसला. मग एकशे पंचेचाळीस. मग पंचावन्न. ठोके कोरडे व्हायला लागले. काचेतलं पाणी उतरत उतरत दोन बोटांवर आलं, आणि झाडीतून सहावा दगड दिसला. लेव्हायने पाणी सोडलं. काटा परत खाली यायला लागला, पण आता उतरायला जागा होती. शेवटचा मैल आम्ही एका बाजूला काटा आणि एका बाजूला काच बघत काढला. माथा आला तेव्हा काच अर्ध्याच्या वर होती. नाक खाली झुकलं, पाणी पुढे गेलं, आणि काचेत दोन बोटं तरीही शिल्लक होती.

तीन मिनिटं उशीर. नियमात पाचपर्यंतची सूट होती.

खाली स्टेशनात गाडी उभी राहिल्यावर क्रेनशॉने वही रॅटलिफपुढे धरली. "वाफ कमी पडली. एकशे चाळीस मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. ड्रायव्हरची सही इथे."

रॅटलिफ रुमालाने मान पुसत होते. "मी वाफ मागितली, मला मिळाली. गाडी कुठे थांबली का?"

"ड्वेन तुझा सख्खा भाचा आहे ना?"

"आहे. आणि ड्वेनच्या हाताखाली आपण अजून तिसऱ्या मैलावर बसलो असतो." त्यांनी वही परत केली. "काय लिहायचं ते तुझ्या सहीने लिही. आणि मला विचारतील तेव्हा हा कोळसा कोणी भरला, ते मी विचारेन."

तिसरी खूण झाली नाही. रॅटलिफ लेव्हायला काही न बोलता उतरून गेले. शाबास नाही, काही नाही. मला त्याचा राग आला होता, लेव्हायला नाही आला. तो म्हणाला, "त्यांनी पाण्याच्या मुठीकडे हात नेला नाही ना, थर्मन? पुरे झालं."

फलाटावर रेव्हरंड टिलरी भेटले. "ब्रदर लेव्हाय, तुमचं इंजिन थकल्यासारखं वाटलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी गायला सुरुवात केली. पोचलं ना तुमच्यापर्यंत?"

"नाही, रेव्हरंड," लेव्हाय म्हणाला. खोटं बोलायची सवयच नव्हती त्याला. "त्या आवाजात काय ऐकू येणार? पण मागच्या रविवारचं प्रवचन होतं माझ्याकडे."

हाताला लोणी लावून घेतलं त्याने, भाजल्यावर तेव्हा तेच लावायचे. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, गाडीच्या दोन तास आधी, तो कोळसा भरतात तिथे जाऊन उभा राहिला. भरणाऱ्याने विचारलं, "काय हवंय?" लेव्हाय म्हणाला, "काही नाही. बघतोय." त्या दिवशी दगड आला, तो त्याने आपल्या हाताने वेचून बाहेर टाकला. तिसऱ्या दिवशीही आला. तो रोज जायचा. पगार त्या दोन तासांचा नव्हता. मग मी जायला लागलो, मग यार्डात राख उपसणारे आमच्यातले दोघं. चार माणसं रोज समोर उभी राहून बघताहेत म्हटल्यावर भरणाऱ्याचा हात आखडला. सप्टेंबरात दगड बंद झाला.

आठ वर्षं तो त्या डाव्या बैठकीवर राहिला. डिझेल आलं तेव्हाच उतरला, कारण भट्टीच उरली नाही. उजव्या बैठकीवर त्याला कोणी कधी बसवलं नाही, आणि तसं झालं असं मी तुम्हाला सांगणारही नाही.

संग्रहालयात ते इंजिन रंगवून उभं केलंय. पाटीवर फक्त ड्रायव्हरचं नाव आहे. तुम्ही पोरांना घेऊन जाल तेव्हा डाव्या बाजूने वर चढा, भट्टीचं ते छोटं दार उघडून त्यांना आत बघू द्या, आणि तिथे उभे राहून लेव्हाय ग्रॅनबेरीची आठवण काढा. नाव पूर्ण घ्या, दोन्ही शब्द.