फोनच्या आधीचं पान

चष्म्याच्या दांडीतला स्क्रू नखाने पिळता पिळता निसटून हातात आला, आणि तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. हॉस्पिटलातली नर्स होती.

"तुम्ही पेशंटचे कोण?"

"नवरा."

"लगेच या."

बाकी काही बोलली नाही. बावीस वर्षं बातम्यांच्या टेबलावर काढलेल्या माणसाला 'लगेच या'च्या मागे काय असतं ते कळतं... तो दांडी नसलेला चष्मा हातात धरून जिना उतरला.

त्या दिवसाला तीन आठवडे झाले. आज तो पहिल्यांदा कामावर आलाय. सगळे त्याच्याशी हळू आवाजात बोलतात, आणि कुणीतरी त्याच्यासाठी जुना अंक काढून ठेवलाय, चौथं पान वर करून. चौकट आहे : 'मतमोजणीच्या दिवशी आमच्या दुपारच्या खास अंकात पराभूत उमेदवार विजयी झाल्याचे छापले गेले. पान लावणाऱ्या उपसंपादकांच्या पत्नीचे त्याच वेळी निधन झाल्याने ही चूक घडली. आम्ही दिलगीर आहोत.'

त्याच वेळी — संपादकांनी स्वतः लिहिलंय. चांगुलपणानेच.

निकालाच्या दिवशी दोन पानं आधीच तयार असतात, हा आला तर हे, तो आला तर ते. मथळा, फोटो, दोघांच्याही आयांचे आनंदाचे दोन शब्द, सगळं आधी घेऊन ठेवलेलं. आकडे तेवढे भरायचे. बारा-पन्नासला केंद्रावरून वार्ताहराचा फोन आला.

"साहेब, नऊ हजारांनी पुढे! आता देव खाली आला तरी पडत नाही हा. सोडा पान छपाईला."

"फेऱ्या किती राहिल्यात?"

"चार. तुम्ही बसा फेऱ्या मोजत, समोरचे पेपरवाले एक वाजता अंक विकायला काढतात."

सोडलं. मी सोडलं. चार फेऱ्या राहिल्यात हे कानांनी ऐकून सोडलं, घाई होती म्हणून, आपला अंक आधी जावा म्हणून — त्या वेळी माझ्या डोक्यात ती नव्हतीच. डॉक्टरांच्या कागदावर मृत्यूची वेळ एक-दहा लिहिलीय. नर्सचा फोन एक-वीसला. म्हणजे पान गेलं तेव्हा ती होती. सकाळी म्हणाली होती, "अहो, बाराला या, मोठे डॉक्टर येणारेत." मी म्हटलं, आज निकाल आहे गं, पान सोडतो आणि येतो. "या सावकाश," ती म्हणाली, "मी कुठे पळून चाललेय?" आणि हसली, मग खोकली...

त्या अंकावर विश्वास ठेवून एका शिंप्याने दुकानावर त्या 'विजयी' उमेदवाराचा झेंडा लावला. चारला खरा निकाल आला. दगड आला. डावा डोळा गेला.

चहाच्या सुमारास फोन वाजला. त्याने तो जरा वेळ वाजू दिला.

"साहेब, शिंपी बोलतोय. तो डोळ्याचा."

"बोला."

"तुमच्या मिसेसचं कळलं. पोरीने वाचून दाखवलं. आधी तुम्हाला मी लई शिव्या घातल्या, खोटं कशाला बोलू? दवाखान्यात पडल्या पडल्या दुसरं काम काय? पण घरचं माणूस जातंय म्हटल्यावर कुणाचं चित्त थाऱ्यावर राहतं? माझ्या मनात आता काही नाही."

"नाही, ते तसं—"

"राहू द्या हो. सुईत दोरा पोरगी ओवून देते, बाकी हाताला सवय आहे. तुम्ही जेवता ना वेळेवर?"

"हो."

हो, म्हणाला तो. तीन आठवडे ती चौकट संपादकांची होती, आपण फक्त गप्प होतो, असं त्याला वाटत होतं. या एका 'हो'ने ती माझी झाली. माझी चूक तिच्या मरणाच्या आड उभी राहिलीय, आणि एक डोळा गेलेला माणूस मला जेवलात का विचारतोय. ती गेली याचं दुःख तरी निखळ होतं. आता तिची आठवण आली की आधी शरम येते, आणि ती स्वतः मागे राहते.

संपादक टेबलाशी थांबले. "घाई नाही हं. झेपेल तेवढंच करा."

त्याने मान हलवली. ते गेल्यावर कोरा कागद ओढून लिहिलं : 'चूक निधनाच्या आधीची आहे आणि ती माझी आहे.' वाचलं. खाली सही केली.

साडेपाच झालेत. कागद टेबलावरच आहे. संपादकांच्या खोलीत नेलेला नाही. शिंप्याला उलट फोन केलेला नाही.