बांध ओलांडलेली माती

सोमवारी दुपारी चारच्या सुमारास अबुंदिओचा बांध फुटला.

मेक्सिकोतल्या ओआहाकाच्या डोंगरात आमच्या घळीत एकाखाली एक दगडी बांध आहेत. वरून वाहून येणारी माती त्यांच्यामागे अडते, तेच आमचं शेत. दरवर्षी बांधावर दगडांचा एक थर चढवायचा आणि जादा पाणी निघून जायला मधे सांडवा मोकळा ठेवायचा. अबुंदिओने यंदा सांडवाही चिणला होता. दुष्काळात माती आलीच नव्हती. आता येईल तेवढी अडवावी, असं त्याला वाटलं.

पूर्वी मे महिन्यापासून रोज दुपारी सर येऊन जायची, जमीन ती पिऊन घ्यायची. यंदा ऑगस्ट उजाडेपर्यंत थेंब नव्हता. मग कौलासारख्या टणक उतारावर महिन्याभराचा पाऊस एका दुपारी कोसळला. मुरला नाही, धावला. अबुंदिओच्या शेतात आता पांढरा खडक आहे. त्याची माती खालच्या हर्मेलिंडाच्या मक्यावर कमरेइतकी साचली आहे.

मंगळवारी सकाळी तो पाट्या घेऊन आला.

"वहिनी, माझी माती नेतो."

"तुमची? नाव कोरलंय का तिच्यावर?" हर्मेलिंडा म्हणाली. "बांध ओलांडला की माती खालच्याची. तुमच्या वरच्या तेओफिलोची आली, तेव्हा परत दिलीत? उलट आनंदाने गावाला जेवण घातलंत, भावजी."

"ती चार टोपल्या होती. हे माझं अख्खं शेत आहे."

"मग सांडवा चिणताना अक्कल कुठे चरायला गेली होती?"

त्याने तिच्या बांधाकडे बोट दाखवलं. मधोमध दगड बाहेर फुगले होते आणि फटींतून गढूळ पाणी झिरपत होतं.

"पोट आलंय त्याला. भार उतरवला नाही, तर पुढच्या पावसात माती ना तुमची, ना माझी. नदीची."

"आणि तुम्ही नेऊन ठेवणार कुठे? खडकावर?"

त्याने पाटी ठेवली आणि दगड उचलला.

दुपारभर दोघं फुगवट्याला खालून टेकू रचत होती. माती कोणाची, हे ठरलेलं नाही. गावची बैठक रविवारी आहे. पाच वाजता शेळ्या घेऊन उतरलेल्या बाईने माथ्यावर पाऊस सुरू झाल्याचं सांगितलं. दोघं अजून बांधाखालीच आहेत.