लाल दिव्यावरचा जोगवा

आमच्या सुचिताची, म्हणजे सूनबाईची, बदली जवळच्या अमडापूरच्या दवाखान्यात झाली तर पाच मंगळवार पाच-पाच घरी जोगवा मागेन आणि तोवर चहाला तोंड लावणार नाही, असं मी देवीला बोलून बसले. बदली आठ दिवसांत झाली. देवी इतक्या तातडीनं ऐकेल असं वाटलं असतं तर मी चहा मध्ये आणलाच नसता.

चार मंगळवार बिनबोभाट पार पडले. सासूबाईंनी घालून दिलेली रीत अशी की एका नवसात एकाच घरी दोनदा परडी न्यायची नाही आणि जोगवा कोरडा घ्यायचा. ज्वारी, तांदूळ, पीठ, काहीही चालेल, पैसे नाही. बुलढाण्यात आमच्या कॉलनीत आमचं सोडून घरं पंचवीस, म्हणजे अगदी बरोबर बसत होतं. पण पाचव्या मंगळवारी उरलेल्या पाचही दारांना कुलूप. एकाच्या मुलीचं मेहकरला लग्न आणि बाकीचे चारही वऱ्हाडात. दिवस मावळायच्या आत पाच जोगवे झाले नाहीत तर नवस पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे आणखी पाच आठवडे बिनचहाचे.

माझी धाकटी जाऊ वंदना सोबतीला होती. शेजारच्या कॉलनीत गेलो तर दारोदारी कॅमेरे. मी बोलायच्या आतच आतून आवाज यायचा, "काही घ्यायचं नाही!" मी काही विकायला आले नव्हते हो, पण सांगायचं कुणाला?

"ताई, आपण वणवण काऊन फिरून राह्यलो?" वंदना म्हणाली. "चौकात चला. तिथी लोकं सिग्नलले आपोआप थांबतात."

"गाडी म्हणजे घर नव्हे गं."

"गाडीतला माणूस तं कोण्यातरी घरचाच असते ना! का तो गाडीतच जेवते-झोपते?"

मी परडी सावरली आणि तिच्या मागं निघाले. चार वाजता चौकात गेलो. कपाळाला मळवट, गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी. लाल दिव्याला थांबलेल्या पहिल्या मोटारसायकलवाल्यानं मला पाहून खिशातून दहाची नोट काढली.

"पैसे नको, भाऊ. पीठ आहे का?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, नोटेकडे पाहिलं, आणि दिवा हिरवा होताच जो सुटला तो मागं वळून पाहिना. तेवढ्यात शिट्टी वाजली. वाहतुकीचा शिपाई धावत आला. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं, सहदेव.

"मावशी! हे काय करून राह्यल्या भर रस्त्यात?"

"जोगवा मागते आहे."

"काय?"

माझा आवाज मुळात देवघराच्या उंबऱ्याबाहेर जात नाही. म्हणून वंदनानं सांगितलं, "जोगवाऽऽ!" शेजारची रिक्षा बंद पडली.

सहदेवनं खांबावर चिकटवलेल्या कागदाकडे बोट दाखवलं. "गणपतीत पोट्ट्यांनी दोर आडवा लावून वर्गणी मांगतली. एक मास्तर स्कूटीसकट दोरात अटकले. तवापासून चौकात मांगाचं असन तं नियमानं मांगा लागते. फुटपाथवरून पाय खाली नाई टाकाचा. लाल दिवा असन तवाच मांगाचं. आकडा दहावर आला का मांगं सराचं. काचीवर टकटक नाई. अन् चमकणारं जाकीट पाह्यजे."

नियमांचं मला कधी ओझं वाटलं नाही, उलट इतके थोडेच म्हणून चुकल्याचुकल्यासारखं झालं.

"फुटपाथवर चढताना आधी उजवा पाय की डावा?" मी विचारलं.

सहदेवनं कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. "ते नाई लिहेल, मावशी."

"मग उजवाच टाकते. आणि जाकीट? धुतलेलं आहे का?"

"सोमवारीच धुतलं," असं म्हणत त्यानं पेटीतून जादा जाकीट काढलं. मी ते लुगड्यावर चढवलं, उजवा पाय आधी टाकून फुटपाथवर चढले आणि परडी पुढं केली. "जोगवा वाढा माय."

पहिला टेम्पो थांबला. चालकानं माझ्या जाकिटाकडे पाहिलं आणि मुकाट्यानं परडीत लायसन ठेवलं. मागच्यानं गाडीचे कागद ठेवले. त्याच्या मागच्यानं हेल्मेट नव्हतं म्हणून गाडी वळवून पळ काढला.

"अहो, हे नको. ज्वारी, तांदूळ असं काही..."

"म्हणजे दंड धान्यात?" टेम्पोवाला दचकला.

"जोगवाऽऽ!" वंदना ओरडली.

"अरे माय! आधी सांगाचं ना!" तो पिंपळगाव राजा या गावचा पुंजाजी. मागच्या पोत्यातून दोन ओंजळी ज्वारी घातली, परडीला हात जोडले, तेव्हा कुठं लायसन उचललं. दुसरा जोगवा किराणा घेऊन चाललेल्या एका बाईनं दिला, तिसरा रिक्षातल्या आजीनं. मग बिनहेल्मेटचा एक गृहस्थ आला आणि हळूच तूरडाळीची पुडी पुढं सरकवली.

"मिटवून टाका ना, मावशी. इथच्या इथी."

"हा जोगवा नव्हे, भाऊ. ही लाच झाली."

"ताई, तुरीची दाळ होय!" वंदना माझ्या कानाशी कळवळली. "घ्या ना!"

"देवी काय म्हणेल?"

"देवीले वरण आवडते."

मी घेतली नाही. चौथ्या वेळी चक्कीवरून पिठाचा डबा घेऊन एक जोडपं स्कूटरवर आलं, प्रसेनजित आणि धम्मशीला. तो म्हणाला, "मावशी, आम्ही देवी मानत नाही. दान मात्र देतो. चालते काय?"

"पीठ गव्हाचं आहे ना?"

"हाव."

"मग चालतं."

धम्मशीलानं डब्याचं झाकण उघडलं आणि मूठभर नव्हे, वाटीभर पीठ घातलं. तिची दोन्ही कोपरं पांढरी झाली. जाताना म्हणाली, "बसून मांगत जा, मावशी. पाय दुखतीन."

आता एकच राहिला. सूर्य एसटी स्टँडच्या बाजूला उतरत होता. आणि तेवढ्यात वीज गेली. सिग्नलचा लाल दिवा विझला, हिरवा विझला, आकडेही गेले. चारी बाजूंनी गाड्या एकमेकांच्या अंगावर चढू लागल्या. सहदेव मधोमध हातवारे करत सुटला. लाल दिवाच नाही म्हटल्यावर मागायची सोय नव्हती. मी परडी छातीशी धरून उभी राहिले. बहुतेक डोळ्यांत पाणी आलं असावं, कारण शिट्टी तोंडात तशीच ठेवून सहदेव माझ्याकडे आला.

"मावशी, माही खोली या गल्लीतच हाय. तांदूळ हायेत. पण चौक कोणाच्या भरोशावर सोडू?" बोलता बोलता त्याची नजर माझ्या जाकिटावर थांबली.

"फुटपाथवरून पाय खाली टाकायचा नाही ना?"

"आता मीच सांगून राह्यलो ना!"

"तोंडी नको. लिहून दे बाळा."

त्यानं पेन काढून खांबावरच्या कागदाखाली लिहिलं, 'लाइट गेल्यास मावशीले परवानगी', खाली सही केली आणि पळाला.

मी उजवा पाय खाली टाकला. चौकाच्या मधोमध जाऊन म्हणाले, "थांबा हो." कुणी थांबलं नाही. हात दाखवला, तरी नाही. मग मी परडी डोक्याच्या वर धरली. समोरून येणारी एसटी करकचून थांबली आणि ड्रायव्हरनं स्टीअरिंग सोडून हात जोडले. एसटी थांबली म्हणून ट्रक थांबला, ट्रक थांबला म्हणून बाकीचे. परडी उजवीकडे फिरवली की तिकडचे निघत, डावीकडे फिरवली की हे. देवीला आडवं जायची छाती एकाचीही होईना. बिनहेल्मेटचे तेवढे नमस्कार करताना तोंड लपवत होते.

सहदेव स्टीलची वाटी घेऊन धापा टाकत आला. सूर्याची नुसती कड उरली होती.

"जोगवा वाढा माय," मी म्हणाले. मधोमध असल्यामुळे या वेळी सगळ्या चौकाला ऐकू गेलं म्हणतात.

"आता 'माय' मले म्हणाचं काय?" असं पुटपुटत त्यानं तांदूळ ओतले. कड मावळली. एसटीतल्या बायांनी खिडक्यांतून "उदो उदो" केलं.

वंदना टपरीवरून चहा घेऊन आली. पण सहदेवच्या शिट्टीला अजूनही कुणी थांबेना, म्हणून माझा एक हात परडीला आणि दुसरा ट्रकला. वीज यायला वीस मिनिटं लागली. तोवर ती कप धरून मधोमध उभी. अखेर तिनंच कप माझ्या ओठांना लावला. गार, वर जाड साय, साखर सगळी तळाशी. पाच आठवड्यांनी चहा प्यायचा तर डोळे मिटून प्यावा, असं मनात होतं. पण डावीकडून एक टेम्पो घुसत होता.