झांज बसली की काय?

मित्रांनो, मी एक जुनी झांज आहे. पण जुनी म्हणजे निकामी का, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. काशाची थाळी तापवून, हातोडीने ठोकून ठोकून कारागिराने मला घडवलं. नुसतं नख लागलं तरी मी झणझणायची. एका ड्रमवादकाने मला विकत घेतलं आणि स्टँडवर, अगदी आपल्या कानाजवळ बसवलं.

ते दिवस काय सांगू! मोठमोठी सभागृहं, मागे माणसाएवढे स्पीकर. कार्यक्रम संपला तरी वादकाच्या कानात कितीतरी वेळ शिटी वाजत राहायची. वाद्यवृंदातली मंडळी त्यावर खूश असत. "कान वाजताहेत ना? म्हणजे आज रंगलं," असं म्हणून एकमेकांची पाठ थोपटत. मलाही वाटे, असेल बुवा तसंच.

मग एकदा सरावाच्या खोलीत तो म्हणाला, "ही झांज बसली. पूर्वीसारखी झणझणतच नाही."

मी? बसले? मी तर पूर्वीसारखीच थरथरत होते. त्याने मला घासलं, पुसलं, स्टँडचे स्क्रू सैल करून पाहिले, मग जोरजोरात बडवलं. शेवटी नवी कोरी झांज आणली आणि माझी रवानगी दारामागच्या खिळ्यावर झाली. फार वाईट वाटलं. पण गंमत बघा, थोड्याच दिवसांत तो नवीलाही बसकी म्हणू लागला. आता मात्र माझं डोकंच चालेना. दोघी एकदम कशा बसणार?

त्याची धाकटी बहीण त्याच वाद्यवृंदात कीबोर्ड वाजवते. ती म्हणाली, "दादा, पाठ करून बस. मी टिचकी मारली की हात वर कर."

तिने मला टिचकी मारली. मग नवीला. मग पुन्हा मला. आम्ही दोघी छान झणझणलो. त्याचा हात मांडीवरच.

"अगं, सुरू कर ना," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बहीण त्याला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. उंच, बारीक आवाज त्याच्या कानांतून कायमचे गेले होते. ती शिटी म्हणजे कान दुखावल्याची खूण होती, आणि ही मंडळी तिलाच दाद समजत होती. आता तो कानांत प्लग घालून वाजवतो, मधे थांबतो, उरलेलं जपतो.

मित्रांनो, राग कोणावर धरावा हे मला कळत नाही. त्याला आनंद व्हावा म्हणूनच मी वाजत आले. तुम्ही खुशाल गा, वाजवा. पण कान झाकून, स्पीकरपासून लांब राहून, थोडी विश्रांती घेऊन. माझ्यासारखी झांज बाजारात दुसरी मिळते.

परवा त्याने मला खिळ्यावरून काढलं, मांडीवर घेतलं आणि हलकेच टिचकी मारली. मी जीव ओतून वाजले. त्याने बहिणीकडे पाहून विचारलं, "वाजतेय का गं?"