दर्या नसलेलं गाव

"मॅडम, तुम्ही त्या घरात राहायला गेलात, म्हणजे त्या घरची माणसं कुठं जाणार?"

हंसानं एका दमात विचारून टाकलं आणि जीभ दाताखाली धरली. प्रश्न तिचा नव्हताच मुळी. तो होता तिच्या वर्गमैत्रिणीचा, चंद्रकांताचा. दुपारच्या सुट्टीत चिंचेखाली बसून हंसा रोजच्यासारखी क्योतोच्या गोष्टी सांगत होती. कागदाची दारं, जमिनीभर पसरलेल्या जाड चटया, दारातलं वाकडं झाड. ऐकून ऐकून चंद्रकांताचं डोकं उठलं.

"क्योतो क्योतो क्योतो! कोयता घालीन एक," ती म्हणाली. ती वाडीवाल्यांची पोर, तिच्या तोंडाला काही कुंपण नव्हतं. "एवढं घर भाड्यानं देतात, मग ती माणसं काय झाडावर झोपतात? विचार की तुझ्या कॉलीनबायला. नाहीतर तुझं इंग्रजी नुसतं आम्हाला दाखवायला!"

"विचारीन, त्यात काय!"

"तू? तू विचारणार?" शेजारची पारू फिस्सकन हसली. "तिच्यासमोर 'येस मॅडम'च्या पुढं गाडी जात नाय तुझी."

"विचारलंस तर आमच्या वाडीतले ओंजळभर जांब तुझे," चंद्रकांतानं पैज लावली.

म्हणून हंसानं विचारलं.

कॉलीनबाय म्हणजे मिसेस कॉलिन्स. तारापूरला अणुवीजघराचं काम निघालं, आणि त्यासोबत गोरे इंजिनिअर आले, त्यांतल्या एकाची बायको. दोन वर्षांपूर्वी हंसा आईबरोबर टोपली घेऊन साहेबांच्या कॉलनीत गेली होती. आईनं टोपलीवरचं फडकं काढलं आणि हंसा धडाधडा बोलली, "फ्रेश, मॅडम. टुडे. नॉट येस्टरडे." बाई इतकी हसली की तिनं सगळे पापलेट घेतले आणि वर पोरीलाही ठेवून घेतलं. शाळा सुटली की तिच्या दोन मुलांशी खेळायचं, आणि भाजीवाला, धोबी, माळी यांचं बोलणं इंग्रजीत सांगायचं. जी पोर वर्गात उभं केलं की बाकाकडं बघत पुटपुटायची, ती वर्षभरात सगळ्या शाळेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात कविता म्हणू लागली.

आणि आता उन्हाळ्यात कॉलिन्स मंडळी दोन महिने जपानला निघाली होती. क्योतो नावाच्या जुन्या राजधानीत, देवळांच्या आळीत, एक लाकडी घर भाड्यानं घ्यायचं चाललं होतं. मुलांना सांभाळायला हंसाला नेणार होती. विमानातून! बाबा तिला पालघरला घेऊन गेले होते, पासपोर्टचा फोटो काढायला. फोटोत तिचे डोळे एवढे मोठे आले होते की पारू म्हणाली, "ताजा बांगडा दिसतेस."

पण क्योतोबद्दल हंसाला सगळ्यांत काय आवडलं होतं, ते तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं. बाईनं नकाशावर बोट ठेवलं होतं तेव्हा तिनं नीट पाहून घेतलं होतं. चारी बाजूंनी डोंगर, मधून एक नदी. त्या गावाला दर्या नव्हता.

"घरची माणसं?" बाईनं चहाचा कप खाली ठेवला. "माणसं नाहीत, एकच म्हातारी आहे. ती मागच्या खोलीत राहील. तुला गंमत सांगते, हंसा. त्या लाकडी खडावा आठवतात, फोटोतल्या? तू हलवायला सांगितल्या होत्यास त्या?"

हंसाला आठवल्या. न आठवायला काय झालं? घराचे फोटो आले तेव्हा बाईनं ते टेबलावर मांडले होते आणि तिला म्हणाली होती, तू हुशार आहेस, मुलांची अंथरुणं कुठं घालायची ते तू ठरव. केवढी फुशारली होती ती! प्रत्येक फोटोवरून बोट फिरवत तिनं वारा कुठून येईल, ऊन कुठून येईल ते ठरवलं. दाराशेजारची जागा सगळ्यांत चांगली. फक्त उंबऱ्यापाशी खडावांचा एक जोड होता, पुरुषी, मोठा. धूळ बसलेला. "हे काढायला सांगा, मॅडम. कोणी वापरत नाही, बघा ना. टॉमी अडखळून पडेल." बाईनं कौतुकानं तिची पाठ थोपटली होती.

तिला कसं कळावं? त्यांच्या पाड्यात बोटीवर जाणारा माणूस अनवाणीच जातो. उंबऱ्यावरच्या जोड्याला काही अर्थ असतो, हे अनवाणी घरात वाढलेल्या पोरीला कुणी शिकवलेलं नव्हतं.

"त्या तिच्या मुलाच्या आहेत," बाई सांगत होती. "लढाईत गेला तो, आरमारात. जहाज बुडालं. त्याचा देह काही मिळाला नाही. तेव्हापासून म्हातारीनं त्या खडावा तिथून हलवल्या नव्हत्या. तो आला की पाय घालील म्हणे! भाड्याचं बघणाऱ्या एजंटाला अवघड वाटत होतं तिच्याशी बोलायला. मी कळवलं, घर मोकळं हवं, नाहीतर आम्ही दुसरं बघतो. काल त्याची तार आली. तयार झाली ती."

"तयार झाली?"

"होतात गं माणसं तयार. तिचं भलंच झालं. बावीस वर्षं! कोणीतरी तिला त्यातून बाहेर काढायलाच हवं होतं." बाईनं बिस्किटांची बशी पुढं सरकवली. तिच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. ती चांगलीच बाई होती. हंसानं बशीतलं एक बिस्कीट उचललं.

"येस, मॅडम," ती म्हणाली.

घरी जाताना तिनं रोजची वाट सोडली आणि पुळणीवरून चालत गेली. मांडवांवर बोंबील वाळत होते. ओहोटी होती, होड्या चिखलात कलंडून पडल्या होत्या. गेल्या दोन वर्षांत ती या वाटेनं फारशी आलीच नव्हती.

दोन वर्षांपूर्वी नारळी पुनवेनंतर पंधरवड्यात तिचा मोठा भाऊ जानू बोट घेऊन गेला आणि वादळ उठलं. बोट गेली. बोटीवरचे दोघे तिसऱ्या दिवशी सातपाटीकडं लागले, फुगून. जानू लागला नाही. त्यानंतर एका सकाळी, यांच्याच पाड्यासमोर, भरतीनं त्याचं वल्हं आणून टाकलं. मुठीपाशी त्यानं कोरलेला मासा होता, म्हणून ओळखलं. म्हातारे म्हणाले, दर्यानं निरोप धाडला, आता क्रिया उरका. पण आईचं एकच, "ज्याचं वल्हं आलं, तो ते मागायला येतो." तिनं ते दर्याकडच्या दाराच्या चौकटीला उभं केलं आणि त्या दाराला कडी लावायची सोडली. लाकूड खाऱ्यानं खाऊ नये म्हणून रोज गोड्या पाण्यानं ती ते पुसायची. विहीर अर्धा कोस लांब, उन्हाळ्यात प्यायला पुरत नव्हतं, पण वल्ह्याला पाणी असायचं. बाबांनी दुसऱ्याच्या बोटीवर जायचं नाकारलं. ते सालवडच्या मजुरांबरोबर ट्रकमध्ये उभे राहून वीजघराच्या कामावर जाऊ लागले, खडी वाहायला. बोटीचा म्होरक्या, पुंडलिक तांडेल म्हणून ज्याला सगळा किनारा हाक मारायचा, त्याला तिथला मुकादम म्हणायचा, "ए बुढ्ढे, जल्दी उठा."

आणि हंसाला त्या दाराचा राग यायचा. खरं सांगायचं तर रागच. वाऱ्यानं ते आपटायचं, वाळू आत यायची, जेवायला बसलं की आईचा अर्धा जीव तिकडं. हसायची चोरी. या घरातून कुठंतरी निघून जावं, जिथं दर्याच नाही अशा गावी, असं तिला किती दिवस वाटत होतं. आणि ते गाव तिला मिळालंही होतं. डोंगरांच्या आड, नकाशावर बोट ठेवून पारखून घेतलेलं. तिथंही एक आई उंबऱ्याकडं तोंड करून बसली होती. आणि तिच्या उंबऱ्यावर हात कोणी घातला? हंसानं. शाबासकीसाठी.

ती घराच्या मागून आली, दर्याच्या बाजूनं. दार बंद होतं.

आधी तिला वाटलं, घर चुकलं. तिनं ढकललं. आतून कडी होती. दोन वर्षांत पहिल्यांदा. वळसा घालून ती पुढच्या अंगणात आली, तर वल्हं तुळशीपाशी जमिनीवर आडवं पडलेलं. त्याच्या शेजारी पळसाच्या पानांचा भारा. बाबा पानं निवडत होते. आई ओटीवर बसली होती, हात मांडीवर पालथे. तिच्या हातात काही काम नाही असं हंसानं कधी पाहिलं नव्हतं.

"आये, दार कोणी लावलं?"

बाबाच बोलले, खाली बघत. "मासवणवरून पानं आणली. सोमवारी भटजी येतोय. पानांचा जानू करायचा, त्याला अग्नी द्यायचा, आन वल्हं दर्यात सोडायचं. उरकून टाकू."

"आत्ताच कशाला?"

"आत्ताच कशाला म्हंजे? तू परदेशी चाललीस ना. घरात एक असा अधांतरी टांगलेला असताना दुसऱ्याला दर्यापार धाडायचं नसतं. आपल्यात तसं करत नाय."

"आन आये काय बोलली?"

"बोलली हो."

हंसा आईपुढं उकिडवी बसली. "आये, तू बोललीस हो?"

"बोलले," आई म्हणाली. आवाज अगदी साधा, मासळीचा भाव सांगताना असतो तसा. "तुजं भलं होतंय ना पोरी. चार बुकं शिकलीस, ईमानात बसशील. मी काय, दोन वर्सं बसले. आता नाय बसत. तू जा."

"तुला वाटतं तो येणार नाय?"

आईनं तिच्याकडं पाहिलं. मग बंद दाराकडं. "मला काय वाटतं ते कशाला इचारतेस? मी तयार झाले ना."

तयार झाली ती. होतात गं माणसं तयार. हंसाच्या कानात बाईचा आवाज जसाच्या तसा वाजला, बशी सरकवल्याच्या आवाजासकट. बाबांच्या हातातलं एक पान फाटलं, त्यांनी ते बाजूला टाकून दुसरं घेतलं.

ती उठली. वल्हं तिला वाटलं त्यापेक्षा जड निघालं. या दोन वर्षांत तिनं त्याला एकदाही हात लावला नव्हता. मुठीपाशी कोरलेल्या माशाचं शेपूट अर्धंच होतं. जानूचा चाकू तुटला होता तेव्हा, आणि तिनंच त्याला हसून हसून बेजार केलं होतं. तिनं ते उचललं, घरातून ओढत नेलं, कडी काढली. वारा आत आला, चुलीची राख उडाली. तिनं वल्हं चौकटीला उभं केलं, मडक्यातलं पाणी फडक्यावर घेतलं आणि वरपासून खालपर्यंत पुसून काढलं.

आई पुढच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिच्या मागं बाबा, हातात पान तसंच.

"काय चाललंय तुजं?" बाबा म्हणाले. "खूळ लागलं?"

"बाबा, आये, ऐका," हंसा म्हणाली. आवाज शाळेत कविता म्हणताना निघायचा तेवढाच मोठा निघाला. "मी जपानला जाणार नाय. उद्या कॉलीनबायला मी स्वतः सांगते. तिथल्या म्हातारीच्या बुडालेल्या पोराच्या खडावा होत्या तिथं ठेवा, अशी तार करा, हेही सांगते. करेल का नाय, मला ठाऊक नाय. मला कामावरून काढील बहुतेक. काढू दे. दादाचं काय करायचं ते आयेनं ठरवायचं, तिला वाटेल तवा, दहा वर्सांनी वाटलं तर दहा वर्सांनी. पण माज्या जाण्यासाठी हे दार कोणी लावायचं नाय."