अबू गायबची शपथ

बसऱ्याच्या गॅरेजांच्या वस्तीत चासिबला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. लग्नाला चौदा वर्षं झाली, मूल नाही, आणि मूल नसलेल्या माणसाला आमच्याकडे अबू गायब म्हणतात. म्हणजे जो अजून आलाच नाही त्याचा बाप. हे मायेने म्हणतात असं म्हणणारेच सांगतात. चासिबने ते नाव सरळ पाटीवर रंगवून घेतलं होतं, ‘अबू गायब, गाड्यांचे एसी’. चिडवणाऱ्यांना चिडवायला काही ठेवलंच नाही. पण या उन्हाळ्यात त्याची बायको नाहिदा सातव्या महिन्यात होती, आणि बाजारात त्याने याचा कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. चौदा वर्षं वाट पाहिलेला माणूस नजर लागायला फार घाबरतो.

ऑगस्टातली सकाळ. आठच वाजले होते, तरी पान्याला हात लावला की चटका बसत होता. हाजी लफ्ता आपली पांढरी जुनी गाडी घेऊन आले. अबुल खसीब गावचे खजुराच्या बागेवाले, सत्तरी उलटलेली, शब्दाचे पक्के. मागच्या सीटवर त्यांची मुलगी इखलास कपाळावर ओला रुमाल धरून बसली होती. तिला रक्ताचा आजार होता. दर तीन आठवड्यांनी बगदादच्या इस्पितळात नेऊन औषध चढवावं लागे. मागच्या खेपेला वाटेत एसी बंद पडला आणि अमाऱ्याच्या अलीकडे पोरगी बेशुद्ध झाली. वाटेत ओकते म्हणून भाड्याच्या गाड्या तिला घेत नसत. उद्या पहाटे पुन्हा निघायचं होतं.

“अबू गायब, संध्याकाळपर्यंत थंड हवा पाहिजे बाबा,” हाजी म्हणाले. “मला नको. मी उन्हातच वाढलोय. हिला पाहिजे.”

“होईल हाजी. एवढंच सांगा, गॅस भरताना कोणी गळतीचं औषध घातलं होतं का यात? छोटा डबा येतो बघा.”

हे औषध म्हणजे एसीवाल्यांचा जुना वैरी. रस्त्याकडेचे गॅस भरणारे ते विकतात. पाइपाला बारीक भोक असलं की तिथे बाहेरची हवा लागून ते घट्ट होतं आणि भोक बुजतं, असं डब्यावर छापलेलं असतं. पण भोक कुठलं आणि वाट कुठली हे त्या औषधाला कळत नाही, हे काही छापलेलं नसतं. जिथे ओल सापडेल तिथे ते जमून बसतं. मेकॅनिकने जुना गॅस काढायला मशीन जोडलं की मशीनच्या पोटातही जाऊन बसतं. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात ते हेच.

“माझ्याशिवाय या गाडीला कोणी हात लावत नाही,” हाजी म्हणाले. “मागच्या खेपेला वाटेत कुर्ण्याला गॅस भरला, नुसता गॅस. अब्बासची शपथ.”

तिथे विषय संपला. अल्लाच्या नावाने आमच्या बाजारात दिवसाला शंभर खोट्या शपथा घेतल्या जातात, अल्ला दयाळू आहे, माफ करतो. करबल्याच्या दर्ग्यातल्या अब्बासचं तसं नाही. अब्बास तापट डोक्याचा. त्याच्या नावाने खोटं बोललेल्या माणसाचं घर तो सोडत नाही, आधी लेकरांवर येतं, असं आमच्याकडे तान्हं पोरही जाणतं. खून झाला तरी अब्बासची शपथ घेतली की टोळ्या बंदुका खाली ठेवतात.

चासिबच्या खणात औषध ओळखायचं एक उपकरण होतं. गाडीतला गॅस बारीक छिद्रातून तीन मिनिटं सोडायचा, छिद्र बुजलं की चोरी पकडली. पण पांढऱ्या दाढीच्या माणसाने अब्बासची शपथ घेतल्यावर ते बाहेर काढणं म्हणजे त्याला तोंडावर खोटारडा म्हणणं. दुसऱ्या गावचा मेकॅनिक असता तर काढलं असतं. चासिबने खण उघडलादेखील नाही. हाजी बर्फ आणि खुबूसच्या रोट्या आणायला गेले, इखलास दुकानात कूलरसमोर बसली आणि चासिबने मशीन जोडलं.

मशीन चार मिनिटं चाललं. मग त्याचा आवाज जड झाला, काटा अडकला आणि ते बंद पडलं. चासिबने पाइप सोडवून बोट घातलं. बोटाला वाळलेल्या खळीसारखं काहीतरी लागलं. त्याने झडपेचं तोंड उघडलं, तिथेही तेच. मग तो उलट्या बादलीवर बसला. मशीन तर गेलंच होतं, पण खरी भीती मशीनची नव्हती. हाजींनी खोटी शपथ घेतली, तीही अशी आजारी मुलगी मागे बसलेली असताना.

“भाऊ,” इखलास म्हणाली. ती केव्हाची बघत होती. “ते मी घातलंय.”

चासिबने वर पाहिलं.

“कुर्ण्याला. बाबा नमाजाला मशिदीत गेले होते. गॅसवाला म्हणाला, एक डबा घाला, अख्खा उन्हाळा बघायला नको. मला वाटलं, बाबांची सारखी धावपळ होते, तेवढीच कमी होईल. त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मलाच ओरडले असते.”

“मग झालं की ताई. त्यांना माहीतच नव्हतं. न कळता घेतलेली शपथ खोटी होत नाही, कुठलाही मुल्ला सांगेल.”

“मुल्लाला पटेल. बाबांना नाही पटणार.” ती थांबत थांबत बोलत होती, दम लागत होता तिला. “माझ्या लहानपणी आमची एक गाय मेली, तर का मेली म्हणून त्यांनी तीन वर्षांपूर्वीची एक शपथ उकरून काढली. तसे आहेत ते. आणि भाऊ, डॉक्टरांनी मला सांगितलंय, त्यांना नाही. थंडीपर्यंत, म्हणाले. फार तर.”

कूलर खडखडत राहिला.

“मी मरेन ते आजाराने मरेन,” ती म्हणाली. “पण ते म्हणतील, माझ्या शपथेने मेली. उरलेलं आयुष्य तेच म्हणत बसतील, आणि समजवायला मी नसेन. तुम्ही काहीही सांगा. फक्त औषध होतं असं सांगू नका.”

“नाही सांगणार,” चासिब म्हणाला. त्याला वाटलं, एवढंच तर आहे, तोंड बंद ठेवायचं.

मग तो कामाला लागला. औषध शिरलेल्या एसीला दुरुस्ती अशी नसते, सगळं उपसून काढावं लागतं. कॉम्प्रेसर काढला, पुढची जाळी काढली, फिल्टर काढला, डॅशबोर्ड खोलून आतली कॉइल बाहेर ओढली. कॉइलच्या तोंडाची झडप तर अशी बुजली होती की त्यातून सुई गेली नसती. पाइप तेवढे ठेवले, धुण्याचं रसायन चार-चारदा सोडून ते साफ केले. बाकीचे भाग शेजारच्या अबू हौराच्या भंगारातल्या तसल्याच गाडीवरून उचलले. हाजी परत आले तेव्हा त्याने सांगितलं की मशीन जुनं झालंय, बिघडलं, शेजारचं आणतो. हाजींनी मान डोलवली आणि मुलीला खुबूसचा तुकडा दह्यात बुडवून भरवायला बसले. तिने दोन घास खाल्ले, बापासाठी.

दुपारभर सगळं सुरळीत चाललं. दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर अबू हौरा चहाचा पेला हलवत आला. माणूस वाईट नव्हता, पण तोंड म्हणजे फाटकी गोणी, आत काही राहायचंच नाही. खाली पडलेली झडप त्याने उचलली आणि उजेडात धरली.

“आयला, औषध,” तो म्हणाला. “कुठल्या गाढवाने ओतलं रे? तुझ्या मशीनची वाट लागली असेल.”

चासिबने डोळे मोठे केले. उशीर झाला होता. हाजी लफ्ता दारातच उभे होते, हातात तस्बीहची माळ. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. आधी त्यांनी झडपेकडे पाहिलं, मग मागे वळून मुलीकडे पाहिलं. म्हातारा मनात हिशेब लावत होता आणि त्या हिशेबाच्या शेवटी मुलगी होती.

“होतं?” हाजींनी विचारलं.

“नाही हो हाजी. जुनं तेल घट्ट झालंय ते. ह्याला काय कळतंय, पत्रे विकणारा माणूस.”

“मला कळत नाही?” अबू हौरा म्हणाला. “वीस वर्षं काय मी मुळे विकले? अरे बोट लावून बघ, हे...”

“तू जा,” चासिब म्हणाला. ज्या आवाजात म्हणाला तो आवाज अबू हौराने कधी ऐकला नव्हता. तो पेला तिथेच ठेवून गेला.

हाजी जवळ आले. “अबू गायब, मी सकाळी शपथ घेतली. हे औषध असेल तर मला सांग. मी आत्ता करबल्याला जातो, त्याच्या दारात पडतो, पण माझ्या पोरीवर येऊ देत नाही. आणि नसेल, तर तसं सांग. माझ्यासारखंच सांग.”

माझ्यासारखंच म्हणजे कसं, हे चासिबला समजलं. त्याने इखलासकडे पाहिलं. ती रडत नव्हती, काही खुणावतही नव्हती, नुसती बघत होती. मग त्याला नाहिदा आठवली. चौदा वर्षांतली इस्पितळं, दर्गे, ताईत, आणि एप्रिलातली ती संध्याकाळ, जेव्हा ती काही न बोलता दारात उभी राहून हसली होती. त्याला भीती वाटली. उन्हाने तापलेल्या त्या शेडमध्ये त्याचे हात गार पडले. पळून जावं असंही त्याच्या मनात आलं, रस्ता समोरच होता.

“अब्बासची शपथ,” चासिब म्हणाला, “यात औषध नव्हतं.”

हाजींनी डोळे मिटले. मग खाली बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून लहान मुलासारखे रडले. इखलासने मान फिरवली.

सूर्य कलता कलता गाडी तयार झाली. आत बर्फासारखी हवा येत होती. हाजींनी मुलीला मागे झोपवलं, चासिबला छातीशी धरलं, त्याच्या दोन्ही खांद्यांची चुंबनं घेतली.

“तू आज माझ्या मानेवरचा दगड उतरवलास,” ते म्हणाले. “अब्बास तुझ्या घरी पाळणा हलवो.”

चासिबला आमीन म्हणता आलं नाही. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत तो तिथेच उभा होता.

घरी वीज गेलेली होती, छोट्या बॅटरीवर पंखा फिरत होता. नाहिदा डाव्या कुशीवर पडली होती. रोज चपला काढायच्या आधीच तो विचारायचा, आज किती लाथा मारल्या? आणि ती आकडा फुगवून सांगायची. आज तो सरळ नळावर गेला. कोपरांपर्यंत साबण लावून हात धुतले, पुन्हा धुतले.

“आज विचारलं नाहीत?” नाहिदा म्हणाली.

“दमलोय गं.”

“या ना इकडे. हात ठेवा.”

“हातांना वास येतोय. गॅसचा.”

“दुपारपासून शांत आहे आज,” ती म्हणाली. “उकाड्याने झोपलं असेल, नाही?”

“उकाडाच आहे,” चासिब म्हणाला. तो तिच्या शेजारी जमिनीवर जाऊन बसला. तिच्या पोटावर हात ठेवायचं धाडस मात्र त्याला होईना.