नाक आणि काटा

गाड्या दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे नाक्या म्हणत. सायलेन्सरमागे उकिडवं बसून धूर हुंगायचा आणि कार्ब्युरेटरचा स्क्रू जरा इकडे, जरा तिकडे फिरवायचा, एवढंच त्याचं शास्त्र. पण वय झालं तसा त्याचा स्वतःच्या नाकावरचा विश्वास उडत चालला. त्यात शेजारच्या गॅरेजवाल्याने ऑक्सिजन सेन्सर आणला आणि "आता तुझ्या नाकाला निवृत्ती दे" म्हणून चिडवलं. नाक्याला मिरच्या झोंबल्या. पुढच्याच आठवड्यात त्यानेही सेन्सर आणला.

पहिलीच गाडी आली ती मोठ्या बहिणीची. भावोजींचं हृदय थकलं होतं. त्यांना सारखं लांबच्या दवाखान्यात न्यावं लागे, आणि ती जुनी गाडी चढावर गचके खाई. प्रत्येक गचक्याला भावोजी छाती धरत.

"एवढे गचके घालव बाबा, बाकी काही मागत नाही," ताई म्हणाली.

नाक्याने इंजिनाजवळ धुराच्या पाइपला भोक पाडलं, सेन्सरची खोबण वेल्ड केली, सेन्सर बसवला, त्याच्या मीटरचा काटा समोर ठेवला. धुरात किती ऑक्सिजन उरला ते हे यंत्र सांगतं. ऑक्सिजन जास्त, म्हणजे पेट्रोल कमी. काटा म्हणाला, पेट्रोल कमी. नाक्याने कार्ब्युरेटरमध्ये जास्त पेट्रोल सोडणारं मोठं जेट घातलं. काट्याचं तुणतुणं तेच. आणखी मोठं घातलं. आता धूर डोळ्यांना झोंबत होता, पेट्रोल जास्त झालंय असं नाक ओरडून सांगत होतं. पण म्हाताऱ्या नाकाचं कोण ऐकतो? काटा जागेवर येईपर्यंत तो जेट बदलत राहिला. गचके गेले.

एका फेरीत भावोजी मागच्या सीटवर झोपले ते उठलेच नाहीत. आधीच थकलेलं हृदय, डॉक्टरांनीही तेच कारण धरलं.

पुढे ताईने गाडी लेकीला द्यायची ठरवली आणि एकदा नजर टाकायला नाक्याकडे पाठवली. तो खाली शिरला. खोबणीच्या वेल्डला तडा होता, भोवती काजळी. तिथून बाहेरची हवा आत ओढली जात होती आणि सेन्सर तीच मोजत बसला होता. आणि धुराचा जोर आला की तिथूनच तो बाहेरही पडत होता. त्याने बाहेर येऊन गाडीतली चटई उचलली. पत्रा गंजून चाळण झाला होता. म्हणजे धूर थेट गाडीत, भावोजी झोपले होते तिथे.

गप्प बसला असता तर कुणाला काही कळलं नसतं. वेल्ड पुन्हा मारायचं, पत्रा ठोकायचा, संपलं. पण त्याला ते जमेना. तो ताईकडे गेला.

"एक सांगू?" ताई म्हणाली. "शेवटी त्यांना एकही गचका बसला नाही. तुझ्यामुळे."

मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. तरी त्याने सगळं सांगितलं. आपलं वेल्ड, आपली जेटं, जादा पेट्रोलने वाढून गाडीत साठलेला विषारी वायू. शिव्या खायच्या तयारीने तो मान खाली घालून उभा राहिला.



"त्या फेरीत माझंही डोकं फुटत होतं," ती म्हणाली. "पण त्यांना गार लागत होतं रे. म्हणून मीच सगळ्या काचा वर केल्या. एखादी उघडी ठेवली असती तर?"

आपलं ओझं उतरवायला आलेल्या त्या शहाण्याला आत्ता कळलं की ते कुणाच्या डोक्यावर ठेवलं. खोटं बोलायला त्याने तोंड उघडलं. पण ताई त्याच्या चेहऱ्याकडेच बघत होती, आणि तिला उत्तर मिळालं.